जगात एकच नाव

"बोनस कोण आहे? बोनसने आत यावं."

नर्सबाईंनी दारातून मान बाहेर काढून पुकारा केला आणि अतिदक्षता विभागाबाहेरच्या त्या रडवेल्या खोलीत चक्क खसखस पिकली. एक टक्कल पडलेले, पोट सुटलेले गृहस्थ ओशाळून उठले आणि "आईवडिलांची हौस, दुसरं काय" असं पुटपुटत आत गेले. सगळे हसले. हसला नाही तो फक्त कोपऱ्यातला चष्मेवाला. आणि त्याच्या शेजारी बसलेली कंडक्टरबाई.

इथली पद्धतच अशी. पेशंट शुद्धीवर आला की तो ज्याचं नाव घेईल त्या एकालाच आत सोडायचं, तेही असं दारातून ओरडून. आपलं नाव पुकारलं जाईल याची चष्मेवाल्याला धास्ती होती. त्याहून मोठी धास्ती होती ती पुकारलंच जाणार नाही याची.

कारण त्याचं नाव होतं होकायंत्र.

होय, होकायंत्र. वडील लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. एकदा फेरीवर गेले की त्या टोकालाच मुक्काम पडायचा, घरी यायचे ते पाहुण्यासारखे. गाडीच्या काचेपाशी एक होकायंत्र चिकटवलेलं असायचं. मुलगा झाला तेव्हा म्हणाले, कुठेही असलो तरी घराची दिशा सापडायला हवी, तर हेच नाव ठेवू. आईने कपाळाला हात लावला. पण हा माणूस एकदा हट्टाला पेटला की कुणाच्या बापाचं ऐकत नसे. सगळं जग पालथं घाल, हे नाव दुसऱ्या कुणाचं निघालं तर मिशी उतरवीन, असं वर आणि ऐकवायचे.

जगाचं ठाऊक नाही, शाळेत मात्र त्या नावाने त्याचा जीव खाल्ला. पोरं खांद्याला धरून त्याला गरागरा फिरवायची आणि सोडून द्यायची. तोंड उत्तरेला झालं नाही तर पुन्हा फिरवायची. खाल्लेला डबा पोटात टिकायचा नाही. पुढे चष्म्यांचं दुकान काढलं तेव्हा त्याने रीतसर नाव बदलून चारचौघांसारखं एक नाव घेतलं. वडिलांना सांगायचा धीर मात्र झाला नाही. उद्घाटनाच्या दिवशी म्हातारा नवाकोरा शर्ट घालून आला, दुकानाची पाटी वाचली आणि पायरीही न चढता मागे फिरला. तेव्हापासून अबोला. आई होती तोवर निरोप तरी पोचायचे. आता तीही नव्हती.

आणि काल गाडी चालवतानाच वडिलांच्या छातीत कळ आली. लोकांनी उचलून हमरस्त्याजवळच्या या इस्पितळात आणलं. वडिलांच्या फोनवरून कुणीतरी कळवलं तसा चष्मेवाला दुकानाला कुलूप घालून, मिळेल त्या गाडीने धावत आला. खिडकीवरच्या माणसाने मान वर न करताच विचारलं, "ट्रकवाले आजोबा ना? बसा तिकडे. बोलावतील."

तो बसला होता. त्याचं ठरलं होतं. आत गेल्या गेल्या पाय धरायचे. बाबा, चुकलं माझं, उद्याच पाटी बदलतो, असं म्हणायचं. पण त्यासाठी आधी बाबांनी बोलवायला तर हवं.

कंडक्टरबाई थेट ड्यूटीवरून आली असावी. अंगावर गणवेश तसाच, आणि खिशावर नावाची पट्टी असते तिथे नुसती दोन भोकं. भोकं त्याला दिसली, कारण बारीक बघणं हा त्याचा धंदाच होता. तिचेही वडील आत होते. तिने न विचारताच थर्मासमधला चहा कपात ओतून त्याच्या हातात दिला आणि नाव काय म्हणाली. त्याने नवं नाव सांगितलं. ते सांगताना आज पहिल्यांदाच त्याची जीभ अडखळली.

"छान आहे," ती म्हणाली. "साधं." आणि तिचं विचारलं तर म्हणाली, "ताई म्हणा की."

चहा गार होत चालला. चष्मेवाल्याची नजर दारावरून हलेना.

"वडिलांशी भांडण झालंय का?" तिने हळूच विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही बघताय त्यावरून. आमच्यात कधी झालंच नाही. बाबा घरी असायचेच किती, भांडायला!"

तो हसला. मग म्हणाला, "त्यांनी माझं नाव घेतलंच नाही तर?"

"बाप आहे. घेईल," ती म्हणाली आणि स्वतःच डोळे पुसायला लागली.

दार उघडलं. नर्सबाई बाहेर आल्या. ओठांवरचं हसू त्यांना आवरत नव्हतं.

"ट्रकवाले आजोबा शुद्धीवर आलेत. सारखं एकच नाव घेतायत." त्यांनी घसा खाकरला. "होकायंत्र कोण आहे?"

खोलीत पुन्हा हशा पिकला. चष्मेवाल्याला तो ऐकूच आला नाही. बाबांनी टाकलं नव्हतं. मरणाच्या दारातून त्यांनी बोलावलं होतं ते त्यालाच, आणि त्यांनी ठेवलेल्या नावाने. त्याला वाटलं, नर्सबाईंनी अजून मोठ्याने ओरडावं, अख्ख्या इस्पितळाला ऐकू जाऊ दे. त्याने कप खाली ठेवला. तो ताठ उभा राहिला आणि त्याने तोंड उघडलं.

पण कंडक्टरबाई त्याच्याआधी दारापाशी पोचली होती.

"मीच," ती नर्सबाईंना म्हणाली. "मुलगी त्यांची."