दोन सेकंदांचं कलम

"आज दोन्ही यंत्रणांच्या वेळेची मोजणी," इंजिनिअर खुर्ची ओढत म्हणाला.

रक्तपेढीच्या प्रमुख बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. इतक्या वर्षांत त्यांना वेळ मोजायची गरजच वाटली नव्हती. जुनी यंत्रणा त्यांनी स्वतः राबून उभी करून घेतली होती, लेकीसारखी जपली होती. आता सगळा डेटाबेस नव्या यंत्रणेत हलवायचा घाट चालला होता. पडदा तोच राहणार, फक्त आतलं बदलणार. बाईंच्या मनाला ते काही पटत नव्हतं.

इंजिनिअरला सगळे करारबुवा म्हणत. काहीही विचारा, "करारात काय ठरलंय?" हेच त्याचं उत्तर. मात्र या बदलाच्या करारातलं मुख्य कलम बाईंनीच भांडून घालून घेतलं होतं. रक्तगट टाकल्यावर दोन सेकंदांत पिशवीची जागा दिसली पाहिजे. जी यंत्रणा चुकेल, ती बंद.

दुपारी प्रसूती विभागाची सिस्टर धापा टाकत दारात आली.

"ताई, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाहीये!"

बाईंनी रक्तगट टाकला. पडदा कोरा. सेकंदकाटा दोन सेकंदांच्या पुढे सरकत राहिला. शेवटी कपाटाचा क्रमांक उमटला. सिस्टर पिशव्या घेऊन धावली.

बाळंतीण वाचल्याचा निरोप आल्यावरच बाई खुर्चीत टेकल्या. आता त्यांचा राग उफाळून आला.

"पाहिलंत? सकाळपासून असंच रखडतंय. ही बया एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल!"

"खरंय मॅडम."

इतक्या मुकाट्यानं तो कबूल करेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मग करारात काय ठरलंय?"

"चुकेल ती बंद. पण मॅडम, आधी एक ऐकून घ्या..."

"काही ऐकायचं नाही. माझ्या माणसांच्या जिवाशी खेळ नको. आत्ताच्या आत्ता बंद करा."

मग त्यानं कळफलक जवळ ओढून काहीतरी टाइप केलं आणि कळफलक पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

बाईंनी तोच रक्तगट टाकला. बोट उचलायच्या आत उत्तर हजर. त्यांनी पुन्हा टाकला, पुन्हा तेच. त्यांचा चेहरा उजळला, डोळे भरून आले.

"बघितलंत? माझ्या जुन्या यंत्रणेचा हात कुणी धरू शकतं का?"

करारबुवानं मान खाली घातली.

"मॅडम, ती आपण आत्ताच बंद केली."