चौथी रांजणवाडी

"भिंग इकडे दे," सासऱ्यांनी हात पुढे केला. "चौथी रांजणवाडी ही. तुझा डोळाच नको म्हणतोय हे काम, सूनबाई. उद्यापासून टेबलावर धाकटा बसेल. तू पट्टे बदल, सेल टाक."

सुनेनं भिंग दिलं नाही. उजवी पापणी हरभऱ्याएवढी सुजलेली, डोळा अर्धा मिटलेला. पण उघडा होता तेवढ्या डोळ्यानं तिनं सासऱ्यांकडे रोखून पाहिलं.

धाकटा दीर काउंटरला टेकून मजा बघत होता. "वहिनी, कितीदा सांगितलं, फोडून टाका एकदाची."

"तुम्हाला आली की फोडा, भाऊजी. पू आत पसरला की कळेल कशी मजा येते ती."

सहा वर्षं ती या घड्याळांच्या दुकानात शिकली होती. मूल पोटात असताना, मूल मांडीवर असताना, आणि मग मूल 'आई, आई' करत टेबलाखाली पायाला बिलगलेलं असताना. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायची तर श्वास रोखावा लागतो. तो रोखायला ती शिकली होती, ते काही पट्टे बदलण्यासाठी नाही.

रांजणवाडीचे लाडही तिनं कमी केले नव्हते. स्वच्छ फडकं, सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळलेलं, मिटल्या पापणीवर दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा. लेक शेजारी बसून मोठ्यानं आकडे मोजायची. सहानंतर थेट नऊ, आईची लवकर सुटका व्हावी म्हणून. काजळाची डबी फेकली. टॉवेल वेगळा केला. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली. आठ दिवसांत गाठ जिरायची. टेबलावर परतली की पंधरवड्यात नवी हजर. मध्ये महिनाभर माहेरी होती, तेव्हा मात्र एकही नाही. आणि चारही उजव्याच डोळ्याला.

उजव्याच का?

भिंग ती उजव्या डोळ्याला लावायची.

दुकानात चांगलं भिंग एकच होतं, आजेसासऱ्यांपासूनचं. डोळ्याच्या खोबणीत बसवायचं, काळ्या कडेचं. ते वापरायची रीतही ठरलेली. आधी सासरे बघणार, मग डोळ्यावरून काढून तिच्या हातात देणार. "मी पाहिलं. आता तू बघ, काय बिघडलंय सांग." ती सांगायची. "बरोबर," ते म्हणायचे. त्यांच्या डोळ्याची ऊब असलेलं भिंग ती तसंच आपल्या डोळ्याला लावायची. ती ऊब तिला आशीर्वादासारखी वाटायची. पाणी आत शिरेल म्हणून ते कुणी कधी धुतलं नव्हतं. पुसायचे ती फक्त काच.

आज तिनं भिंग उलटं करून त्याची कड दिव्याखाली धरली. खाचेत पिवळट पापुद्रे साचले होते. त्यांत एक केस अडकला होता. तिनं तो चिमट्यानं उचलला. पापणीचा केस. पांढरा.

तिनं मान वर केली. इतकी वर्षं तिनं सासऱ्यांचे हातच पाहिले होते. डोळे आज पहिल्यांदा पाहिले. पापण्यांच्या कडा लाल, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण.

"सकाळी डोळे चिकटलेले असतात तुमचे?"

"या वयात सगळ्यांचे चिकटतात. त्यात काय?"

"त्यात माझ्या चार रांजणवाड्या आहेत, बाबा. माझा डोळा नाजूक नाही. दुखणं तुमच्या पापणीला आहे, आणि या कडेवरून ते रोज माझ्या डोळ्यावर येऊन बसतं. मी या खुर्चीवरून उठणार नाही."

भिंगासाठी पुढे आलेला धाकट्याचा हात गुपचूप खिशात गेला.

तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं कड घासून पुसली आणि भिंग आपल्यासमोर ठेवलं. किटलीतलं पाणी वाटीत ओतलं, धुतलेलं फडकं बुडवून पिळलं.

"बसा. डोळे मिटा. दहा मिनिटं हलायचं नाही, चोळायचं तर मुळीच नाही. मग पापण्यांच्या कडा पुसते. उद्या दोघंही डॉक्टरांकडे जाऊ. आणि आजपासून ज्याचं भिंग त्याच्याकडे."

या दुकानात सासऱ्यांना 'बसा' म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. ते बसले.

तिनं फडकं त्यांच्या डोळ्यांवर ठेवलं. रागावले असणार. पुढचं उत्तर तिनं मनात तयार ठेवलं, चांगलं धारदार.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "हे टेबल माझ्यासारखे तुझेही डोळे खाईल, म्हणून उठवत होतो. दोन वर्षं झाली, मला त्या भिंगातून नुसतं धुकं दिसतं. तू सांगतेस, आणि मी 'बरोबर' म्हणतो."