आखूड नळीची बंदूक

मोंटानातल्या ओडेलच्या बंदुकांच्या दुकानात एक रिवाज होता. घरासाठी कार्बाईन बंदूक घ्यायला कुणी आलं की ओडेल आधी कागद पुढे सरकवायचा. वर्ना आली तेव्हाही त्यानं तेच केलं. “घराचा नकाशा काढा, वर्नाकाकू. लांब नळी घेतलीत तर वळणावर भिंतीलाच धडकाल.” नवरा गेल्यापासून एकटी राहणारी वर्ना कसंनुसं हसली. तिनं स्वयंपाकघर काढलं, बोळकंडी काढली, शेवटी झोपायची खोली. ओडेलनं आखूड कार्बाईन हातात दिली आणि कागदावर बोट ठेवलं. “पलंगामागचा हा दरवाजा कुठे उघडतो?” वर्नानं कागद जवळ ओढला. घर तिच्या नवऱ्यानं स्वतः बांधलं होतं. त्या भिंतीला दरवाजा नव्हताच. “काढलात तर तुम्हीच,” ओडेल म्हणाला, “आणि तोही अर्धा उघडा.” वर्नानं कार्बाईन खांद्याला लावून पाहिली, मग परत दिली. “याहून आखूड आहे का?” तिनं विचारलं. “त्या दरवाजापासून माझी उशी एका पावलावर आहे.”