गवीपुरमच्या घराचं सातवं कलम

कल्लाप्पा वकिलांचा निरोप रघुजींनी फोनवर दोनदा वदवून घेतला. लग्न मोडण्याचा अर्ज कोर्टात पडलाय, चार वाजता या. झालं एकदाचं! सून नीरजा दोन महिन्यांपूर्वी होसकोट्याला माहेरी निघून गेली, तेव्हापासून ते याच अर्जाची वाट बघत होते.

दुपारची कॉफी मात्र त्यांची त्यांनाच करावी लागली. फिल्टर सापडेना, म्हणून पूड दुधातच उकळली. बायको सगुणाबाई गेले पंधरा दिवस होसकोट्याला होती, सुनेची समजूत घालायला. जाताना देवघरातले चांदीचे टाकही घेऊन गेली. उजळून आणते म्हणाली. या घरातले देव बिऱ्हाड हलल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. पण बायकांचं सणावाराआधी असंच चालतं, असं म्हणून रघुजींनी रिकाम्या देवघराला हात जोडले.

गवीपुरमचं घर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कारखान्यातल्या बावीस वर्षांच्या ओव्हरटाइमचं चीज! जागा घेतली ती सगुणाबाईच्या नावावर, कारण वास्तू घरच्या लक्ष्मीच्या नावावर करायची, ही घराण्याची रीत. नव्वद साली मुलाचं, सूर्यकांतचं, लग्न ठरलं आणि सून उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आत त्यांनी सगुणाबाईच्या सहीनं घराचा ट्रस्ट करून टाकला. सातवं कलम त्यांनी स्वतः सांगून लिहवून घेतलं होतं: लग्न मोडलं, तर ट्रस्ट करणाऱ्याशी रक्ताचं नातं नसलेल्या जोडीदाराचा या घरावर हक्क नाही, अर्ज पडल्यापासून तीस दिवसांत त्यानं वा तिनं घर सोडायचं. आता कुणाची बिशाद आहे इथल्या विटेला हात लावायची!

आणि ती सही! आनेकलहून लग्न होऊन आली तेव्हा सगुणाबाई अंगठा उठवायची. रघुजींनी तिला पाटीवर सही गिरवायला लावली. नाव, खाली तिरपी रेघ, रेघेखाली दोन ठिपके. पुढे त्यांनी बोट ठेवलं तिथं तिनं सही केली, एक शब्द न विचारता. हे ते पाहुण्यांना अजून मोठ्या अभिमानानं सांगत. अलीकडे नातीबरोबर बसून ती पहिलीचं पुस्तक वाचायला लागली होती, त्याचंही त्यांना कौतुकच होतं.

सूर्यकांतचा हात उठला होता, हे खरं. पण पुरुषाचा हात उठतोच, त्यात घर काय मोडायचं, असं रघुजी चारचौघांत म्हणाले होते. सगुणाबाई तेव्हा डाव्या मनगटावरची बांगडी फिरवत बसली होती. ते मनगट लग्नाच्या दुसऱ्या वर्षी वाकडं झालं, ते कधी सरळ झालंच नाही.

इस्त्रीचा कोट घालून रघुजी रिक्षानं चामराजपेठेत पोचले. कल्लाप्पांनी खुर्ची दिली, पण नेहमीसारखी थट्टा केली नाही.

"अण्णा, आधी कागद वाचा."

"वाचायचंय काय त्यात? सातवं कलम लावा."

"स्वल्प विचार करा. तीस दिवस फार थोडे. बोलून मिटवता येईल."

"मिटवायचं नाही." रघुजी ताठ बसले. "वय बघू नका, नातं बघू नका. कलम मी लिहवलंय, ते लागलंच पाहिजे."

आपण ट्रस्टचे वकील, ट्रस्ट सांगेल तसंच करणं आपल्याला भाग आहे, असं कल्लाप्पांनी हळू आवाजात बजावलं. मग "सरी, तसंच होईल" म्हणून त्यांनी अर्जाची नक्कल आणि घर सोडण्याची नोटीस टेबलावरून पुढे सरकवली.

रघुजींनी रुबाबात चष्मा चढवला. सुनेची सही तरी बघू म्हणून त्यांनी अर्जाचं थेट शेवटचं पान उलटलं. अर्जदाराच्या जागी नाव होतं, खाली तिरपी रेघ, आणि रेघेखाली दोन ठिपके.