दवाखान्याची बांगडी

दवाखान्यातून मिळालेली बांगडी घेऊन मंदाकिनीबाई जैबूनभाभींच्या बांगड्यांच्या दुकानात आल्या. ती मनगटाला घट्ट चिकटून बसली तरच कातडीखालचा दाह ओळखून रंग बदलायची, म्हणून डॉक्टर हल्ली सोरायसिसच्या सगळ्या पेशंटना बांगडीवालीकडेच पाठवत.

आजार जडल्यापासून मंदाकिनीबाई बांगड्या नुसत्या मापाने विकत आणायच्या आणि घरी साबण लावून स्वतःच चढवायच्या. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे किती जणींना समजावून सांगणार? हातावरचे लाल चट्टे दिसले की बांगड्या भरणारी आपला हात मागे घ्यायची.

जैबूनभाभींनी त्यांचा पंजा चेपत चेपत बांगडी अलगद मनगटावर आणली. क्षणभर ती हिरवी राहिली आणि मग पिवळी झाली. शेजारी बसलेल्या दोघी टक लावून बघू लागल्या. मंदाकिनीबाईंनी सवयीने हात ओढला, पण भाभींनी तो सोडला नाही.

"पिवळी झाली म्हणजे चट्टे उठायला अजून दोन दिवस आहेत, ताई. आजच मलम सुरू करा, उठणार नाहीत. माझ्या सुनेचीही बांगडी दर थंडीत अशीच पिवळी होते." मग त्यांनी साध्या काचेच्या बांगड्यांचा डबा पुढे ओढला. "आता दुसरा हात द्या. एकच हात भरून मी कुणाला घरी पाठवत नाही."

चॉकलेटी बांगड्या एकेक करून चढू लागल्या. मंदाकिनीबाईंचे डोळे भरून आले.

भाभी थांबल्या. "दुखलं का हो?"

"नाही," त्या म्हणाल्या. "अजून भरा."