जायचं ते आणि राहायचं ते

“काय जायचं आणि काय राहायचं, तेवढं एकदा नक्की सांगा,” गळ्यात मोजायची टेप अडकवलेल्या बाईने दारातूनच विचारलं. मागे जिन्यात तिची दोन दणकट माणसं उभी होती. खाली टेम्पो लागला होता.

तक्तेसाहेबांना हा प्रश्न भलताच आवडला. कारखान्यात कोणत्या यंत्रावर कोणी कधी उभं राहायचं, याचे तक्ते आखण्यात त्यांची हयात गेली होती. हे नावही तिथेच पडलेलं. घरात फ्रिजवरही त्यांचा एक तक्ता होता. बायकोने कधी उठायचं, कधी कपडे धुवायचे, कधी ‘स्वतःसाठी शांत बसायचं’, सगळं रंगीत चौकोनांत मांडलेलं. तिला स्वतःचं काही सुचण्याचे कष्टच नकोत, इतकी चोख सोय.

या तक्त्यात एकच गोष्ट बसत नव्हती. बायको पुस्तकं बांधायची. पानं सुटलेली, पाठ मोडलेली पुस्तकं लोक तिच्याकडे आणून देत आणि ती त्यांना नवी शिवण, नवा पुठ्ठा घालून धडधाकट करून परत पाठवी. त्यासाठी बैठकीच्या खोलीत तिचं लोखंडी दाबयंत्र होतं. भोवती पुठ्ठे, दोऱ्याची रिळं, खळीचं भांडं. साहेबांच्या लेखी हा सगळा पसारा.

आठवड्यापूर्वी त्यावरून चांगलंच वाजलं होतं.

“शनिवारपर्यंत हे धूड इथून हललं पाहिजे. नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावतो.”

“हात तर लावू दे त्याला,” ती म्हणाली होती. “ते गेलं की माझं काम गेलं. मी नाही सोडायची.”

“मग आवर तरी सगळं. तुला जमत नसेल तर कोणाला तरी बोलव. हल्ली पैसे घेऊन घरं आवरून देणारी माणसं मिळतात.”

तिने हातातलं दोऱ्याचं रीळ खाली ठेवलं. मग म्हणाली, “बोलावते एका बाईंना.”

आणि आज शनिवारी टेपवाली खरंच हजर झाली. आली तशी यंत्रापाशी गेली, उंची-रुंदी मोजली आणि म्हणाली, “हे?”

“आधी तेच,” साहेब म्हणाले आणि भांडणाच्या तयारीने बायकोकडे वळले.

“जाऊ दे,” बायको म्हणाली. “पण जपून.”

साहेब चाट पडले. इतकी वर्षं नुसता नन्नाचा पाढा, आणि आज एकदम असं शहाणपण? मग मात्र त्यांच्या अंगात वारं शिरलं. वापर नसलेली वस्तू घरात का ठेवू नये, यावर त्यांनी टेपवालीला छोटंसं व्याख्यान दिलं.

“पण यंत्र तर रोज वापरात दिसतंय,” टेपवाली म्हणाली.

“तेच तर दुखणं आहे.”

टेपवालीने बायकोकडे एकदा पाहिलं आणि यंत्राला गोधडी गुंडाळली.

“पाहुण्यांची गादी?” बायकोने विचारलं.

“पाहुणे येतात कुठे आपल्याकडे? न्या.”

“छोटी शेगडी? ही चार भांडी?”

“न्या, न्या.”

“माझे कपडे फार झालेत.”

“मी कधीपासून सांगतोय.”

“नक्की ना?” ती म्हणाली. “मागाहून म्हणाल, मला विचारलं नाही.”

“मी कधी शब्द फिरवलाय?” साहेबांनी छाती काढली. “बरं, जाणार कुठे हे सगळं?”

“जिथे वापर होईल तिथे.”

कोणा गरजूच्या घरी आपली शेगडी पेटणार, या विचाराने साहेबांना अगदी दानशूर झाल्यासारखं वाटलं. यंत्र जिन्याच्या वळणावर अडलं तेव्हा तेच बाह्या सरसावून पुढे झाले. “डावीकडे घ्या, अजून डावीकडे,” असं ओरडत त्यांनी खांदा दिला आणि घामाघूम होऊन ते टेम्पोत चढवलं. त्या रिकाम्या कोपऱ्यात आपली आरामखुर्ची कशी छान बसेल, हे त्यांनी जिना चढतानाच ठरवून टाकलं.

“तुमची केस कापायला जायची वेळ झाली,” बायको म्हणाली. “तक्त्यात आहे.”

तिने तक्ता वाचला होता तर. साहेब शीळ घालत बाहेर पडले.

परत आले तेव्हा घर कसं लख्ख दिसत होतं. फरशी पुसलेली, कपाटात त्यांचेच शर्ट ऐसपैस टांगलेले, कोपरा मोकळा. बायको तेवढी दिसत नव्हती. ‘चहा’चा चौकोन उलटून गेला. साहेब चुळबुळले, स्वयंपाकघरात दोनदा डोकावले. ही वेळेच्या बाबतीत कधी सुधारायची नाही, असं मनात आलं. पण आज रागावायचं नाही, असंही त्यांनी ठरवलं. हरलेल्या माणसाशी गोड बोलावं, एवढी समज त्यांना होती. आली की तिला म्हणायचं, बघ, किती हलकं वाटतंय.

तेवढ्यात बेल वाजली. दारात टेपवाली.

“वा, बरं झालं आलात,” साहेब म्हणाले. “झकास आवरलंत हो घर. एका दिवसात बायकोही ताळ्यावर आली. आता उद्या स्वयंपाकघर घ्या.”

“आम्ही घरं आवरत नाही, साहेब,” टेपवाली म्हणाली. “आम्ही बिऱ्हाडं हलवतो. बाईंचं सगळं लावून झालं, त्या तिकडे कामालाही लागल्या. ही तुमची छत्री चुकून आली होती, तेवढी परत द्यायला सांगितलीय.”