अकरा वाजताची फुली

ट्रक चालू झाला. हे वाक्य वाचलंच नाही असं धरून चला, कारण पावणेअकरा वाजता ट्रक बंद होता आणि त्याच्यासमोर भंगार समितीचे तिघे उभे होते. अध्यक्षांच्या हातात फाईल, सदस्यांच्या हातात घड्याळ आणि तिसऱ्याच्या हातात खडू. अकरापर्यंत गाडी चालू झाली नाही तर दारावर फुली, आणि फुलीनंतर भंगार. तिसऱ्यानं हवेत एक फुली मारून सराव करून घेतला.

"या गाडीचा एखादा अर्ज प्रलंबित नाही ना?" अध्यक्षांनी विचारलं. "असला तर त्याचा निकाल लागेपर्यंत फुली मारता येत नाही."

नव्हता. कार्यशाळेचा एकच अर्ज प्रलंबित होता, तो छताच्या पंख्याचा. अर्जाऐवजी मूल असतं तर एव्हाना पाचवीत गेलं असतं.

ट्रक झाडं छाटणाऱ्या खात्याचा. एकोणीस वर्षं त्याला चालकही एकच. गाडी गेली की त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवणार होते, आणि खुर्चीत बसले की त्यांचा पाय क्लच शोधायला लागायचा. मेकॅनिक त्यांचीच सून. हजेरीपटावर तिला नाव होतं, पण सासरे सूनबाई म्हणायचे म्हणून अख्खी कार्यशाळा तिला सूनबाईच म्हणायची. साठीला टेकलेला वेल्डरसुद्धा.

"मामंजी, सेल्फ मारा."

गुर्र, गुर्र, गुर्र. इंजिन दणक्यात फिरलं. पेटलं मात्र नाही.

"सकाळी घोड्यासारखी आली हो," सासरे खिडकीतून म्हणाले.

"घोडासुद्धा कधीतरी मरतोच," अध्यक्ष म्हणाले.

"मेलेला घोडा मान हलवत नाही, साहेब. ही मान डोलावतेय, फक्त हो म्हणत नाहीये." सूनबाईनं सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. "धूर नाही. म्हणजे आत डिझेलच पोचत नाही. सोपं आहे."

सोपं आहे, हे ती पुढच्या आठ मिनिटांत चार वेळा म्हणाली. टाकीत काठी घातली, निम्मी ओली निघाली. फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप दाबला. एक बुडबुडा नाही, स्वच्छ डिझेल. पंपापर्यंतही तसंच. पंपातून पुढे जाणाऱ्या नळीचा नट सैल करून तिनं पुन्हा सेल्फ मारायला लावला. थेंब नाही.

"पंप गेला," तिसरा आनंदानं म्हणाला आणि दाराकडे सरकला.

"गेला नाही. त्याला कुणीतरी गप्प बसवलंय," सूनबाई म्हणाली. तिनं नट आवळला, हात पुसले आणि केबिनमध्ये चढली.

डॅशबोर्डखाली इंजिन बंद करायची मूठ असते. बाहेर ओढली की पंप डिझेल सोडत नाही. गाडी सुरू करताना ती परत आत ढकलायची. एकोणीस वर्षं सासऱ्यांचा हात ती न बघता ढकलत आला होता. आज तो हात डब्याच्या पिशवीवर गेला, पिशवी थोपटून माघारी आला. मूठ बाहेरच होती आणि तिच्यावर पिशवी लटकत होती, माहेरी आल्यासारखी निवांत.

"मामंजी, ही इथं कुणी अडकवली?"

"तूच नाही का म्हणालीस सकाळी? खाली ठेवू नका, डब्याला डिझेलचा वास लागतो, कुठंतरी अडकवा." सासऱ्यांचा आवाज खाली गेला. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणाचं ऐकलं बघ."

सूनबाईनं पिशवी आपल्या खांद्याला लावली आणि मूठ आत ढकलली. "मारा."

आता पहिलं वाक्य वाचायला हरकत नाही.

एकोणीस वर्षांचा साठलेला धूर एकदम समितीवर आला. आत कुणीतरी खोकलं, काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. धूर विरला तेव्हा घड्याळात अकराला दोन मिनिटं कमी होती आणि तिसरा खडूचे दोन तुकडे गोळा करत होता.

"ठीक आहे," अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले. "तीन महिन्यांनी परत येऊ."

सासऱ्यांचा चेहरा उतरला.

"या ना," सूनबाई म्हणाली. "तेवढा एक कोरा कागद द्या."

थरथरत्या बॉनेटवर कागद ठेवून तिनं लिहिलं, त्यामुळे अक्षर जरा हललं. अध्यक्षांनी वेळ वाचवण्यासाठी न वाचताच पोच दिली, तारीख घातली, आणि कागद गाडीच्या फाईलला लागला.

"महोदय, सदर वाहनात चालकास पिशवी अडकवण्याची कोणतीही सोय नाही. तरी चालकाच्या डाव्या हाताशी एक लाकडी खुंटी मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती."